पिंपातली ओढ

क्लबातल्या मंडळींनी पिंपांना बुचं बसवताना स्वतःच्या तोंडालाही एकेक बूच बसवलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण फुकट राबणाऱ्या माणसाला निदान बोंबलायची तरी मोकळीक हवी. तीही काढून घेतली तर रविवारची झोप मोडून तो येईल कशाला?

शिडाच्या होड्यांचा क्लब, असं नाव भारदस्त होतं. प्रत्यक्षात एक लांबट पत्र्याची शेड, तिच्या मागे पालथ्या घातलेल्या होड्या आणि पुढे पाण्यात घुसलेला लाकडी धक्का. धक्का तरी कसला, म्हाताऱ्याची बत्तिशीच ती. काही खांब हलत होते, काही नुसते ठणकत होते, आणि जिथे मुळीच नव्हते तिथे पाय टाकणारा थेट गळ्याइतक्या पाण्यात जात होता. हे निदान क्लबातल्या दातवाल्या डॉक्टरांचं. त्यांनी एकेक खांब हलवून पाहिला, च्च च्च केलं आणि म्हणाले, "सगळे काढावे लागतील. कवळी बसवा."

कवळी म्हणजे तरंगता धक्का. खाली रिकामी पिंपं, पिंपांवर चौकट, चौकटीवर फळ्या, आणि हे सगळं वाहून जाऊ नये म्हणून तळाशी सोडलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना साखळीनं बांधलेलं. भरती आली की धक्का वर, ओहोटी आली की खाली. योजना कप्तानांची. कप्तान म्हणजे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर. जगातली सगळी बंदरं त्यांना पाठ होती, पण होडी जरा डुलली की त्यांच्या पोटातलं ओठांत येई. म्हणून ते कायम धक्क्यावरच उभे राहत आणि इतरांना हाका मारत.

पिंपं त्यांनीच मिळवली. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात निळी, जाड प्लॅस्टिकची पिंपं ढिगानं पडून होती. त्यांत पूर्वी काय होतं ते कप्तानांनी राखणदाराला विचारलं. "माल होता," तो म्हणाला, आणि पुढे काही विचारायच्या आधीच त्यानं फाटक सताड उघडून दिलं. तेव्हाच कळायला हवं होतं. पिंपं घासली, धुतली, उन्हात उलटी घातली. तरी एक वास राहिलाच. बंद खोलीत ओला टॉवेल विसरून गावाला जावं आणि परत येऊन दार उघडावं, तसा.

बुचं बसवायच्या दिवशी वारा सुटला होता. पिंपं उतारावरून पाण्याकडे घरंगळायला लागली आणि जो तो दोर धरून ओरडत सुटला. धक्क्याच्या कामात शब्द तीनच: साखळी किंवा दोर ताणायचा तर 'ओढ', सैल करायचा तर 'सोड', खिट्टी घालून पक्का करायचा तर 'जोड'. त्या दिवशी हे तीन शब्द इतक्या वेळा ओरडले गेले की किनाऱ्यावरची कुत्रीसुद्धा कंटाळून निघून गेली. आणि त्याच गदारोळात कप्तान एकेका पिंपाचं बूच पिळून बसवत होते. पिंपात बुचाखाली हवा कोंडली जाते असं आपण सगळेच धरून चालतो. त्या दिवशी तिच्याबरोबर आरडाओरडाही कोंडला गेला. आणि शब्द अर्धा आत गेला असतानाच बूच आवळलं गेलं, की त्याचं सुरुवातीचं व्यंजन तुटून बाहेर पडतं. हे कुठल्या पुस्तकात नाही. पण आत्याला ते पुढे कळलं, आणि ज्या रीतीनं कळलं तशी वेळ कोणावर न येवो.

आत्या ही क्लबातल्या बेडक्याची आत्या. बेडक्या म्हणजे तिचा भाचा. नळाच्या जोडण्या करणारा, तिशीचा गडी. श्वास कोंडून पाण्याखाली इतका वेळ राहायचा की बघणाऱ्यालाच धाप लागावी, म्हणून बेडक्या. त्याची आई त्याला जन्म देतानाच गेली, मग आत्याचा भाऊ, म्हणजे त्याचा बापही गेला, तेव्हापासून आत्यानंच त्याला वाढवलं. घरात तो तिला आत्या कधीच म्हणत नसे. "काय म्हातारे, लाइन लागली का?" हे त्याचं सकाळचं नमन. आयुष्यभर आत्यानं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलं होतं. डाव्या कानाला हेडफोन, उजव्या हातानं तारा.

क्लबातही तिचं काम तेच. बेडक्या धक्क्याखाली, दातवाले डॉक्टर किनाऱ्याच्या टोकाला विंचवर, म्हणजे साखळी ओढायच्या हातचाकावर. मध्ये वारा, आणि बांधलेल्या होड्यांच्या डोलकाठ्यांवर दोऱ्यांची सारखी टणटण. खालचा आवाज डॉक्टरांपर्यंत पोचायचा नाही. म्हणून आत्या मध्ये गुडघे टेकून बसे, फळ्यांच्या फटीतून येणारा शब्द झेले आणि डॉक्टरांकडे पोचता करी. नियमही तिनंच घालून दिला होता: आधी ज्याला हाक त्याचं नाव, मग शब्द. नाव नसलेला शब्द पोचवला जाणार नाही. त्यामुळे कामावर मात्र बेडक्याला मुकाट्यानं म्हणावं लागे, "आत्या, ओढ. आत्या, सोड."

"बघा," डॉक्टर म्हणायचे, "दात काढायचं काम मी आयुष्यभर एकट्यानं केलं, आणि साखळी ओढायला मला ऑपरेटर लागते."

"तुमच्या दवाखान्यात पेशंट ओरडून सांगतो, डॉक्टर. इथे मी सांगते. फरक एवढाच की मी ओरडायच्या आधी सांगते."

तर असा रुबाब. आणि त्या रुबाबाच्या खाली एक गोष्ट लपवलेली होती. आत्याचा डावा कान गेला होता. गेल्या थंडीत केव्हातरी गेला. आधी पाण्यात बुडाल्यासारखा, मग साफ. तिनं कोणाला सांगितलं नाही. बसायची ती नेहमी सगळ्यांच्या डाव्या टोकाला, चालायची ती माणसाला उजवीकडे घेऊन. डावीकडून बोललेलं ऐकू आलं नाही की चेहरा असा करायची की बोलणाऱ्यालाच वाटावं, आपण काहीतरी मूर्खासारखं बोललो. बेडक्या म्हणायचा, म्हातारी हल्ली भाव खाते. खाऊ दे म्हणावं. क्लबात तिला एकच काम होतं आणि ते कानाचं होतं. ते गेलं तर शेडमध्ये बसून कप विसळायचे.

पिंपांवर चौकट चढली, फळ्या ठोकल्या, आणि धक्का पाण्यात ढकलला त्या रविवारी आत्या पहिल्यांदा त्याच्यावर उभी राहिली. आणि तिच्या डाव्या कानात कोणीतरी म्हणालं,

"ओड."

आत्या दचकली नाही, घाबरली नाही. ती हरखली! इतके महिने मेलेल्या कानात आवाज आला होता. तिनं उजवा कान तळव्यानं झाकला. टणटण बंद झाली, वारा बंद झाला, समोर कप्तान तोंड उघडझाप करत होते तेही बंद झाले. डाव्या कानात मात्र पुन्हा, स्पष्ट, जवळून: "ओड. ओड. ओढ."

घरी गेल्यावर तिनं नळ सोडून पाहिला, भांडं आपटून पाहिलं. डाव्या कानाला त्यातलं काही नाही. पुढच्या रविवारी धक्क्यावर पाय टाकला की पुन्हा सुरू. सोड नाही, जोड नाही; दोघांचंही नुसतं 'ओड'. डोकं उडवलेले शब्द. 'ओढ'चं तेवढं काही बिघडलेलं नव्हतं, कारण तिला तोडायला सुरुवातीला व्यंजनच नव्हतं. स्वरापासून सुरू होणारा शब्द बुचातून सबंध आत गेला होता. अजून एक शब्द असाच सबंध होता, आणि तो ऐकल्यावर आत्यानं मागे वळून पाहिलं.

"आत्या."

बुचं बसवायच्या दिवशी तिला हाका काय कमी मारल्या होत्या? असं तिनं स्वतःला समजावलं. पिंपातला आवाज आहे, मुरलेला आहे, निघून जाईल. पण हाक मारणाऱ्याचा सूर दर रविवारी बदलत होता. आधी कप्तानांसारखा चिरका, मग डॉक्टरांसारखा जाड. एका रविवारी तो हळूच, अंदाज घेत, बेडक्यासारखा झाला. आणि मग तसाच राहिला. जणू चपला घालून बघाव्यात, आणि हव्या त्या मापाची मिळाली की पायातून काढूच नये.

हे कोणाला तरी सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर कुठल्या कानानं ऐकलं तेही सांगावं लागलं असतं. 

शेवटची साखळी राहिली, धक्क्याच्या पाण्याकडच्या टोकाची. बेडक्यानं तोंडावर बुडी मारायचा मुखवटा चढवला.

"म्हातारे, झोपू नकोस हं. खाली हात साखळीत असतो माझा."

"तू तोंड आवर आणि काम कर. वर आल्यावर बोल."

"वर आल्यावर तू ऐकतेस कुठे?" असं म्हणून त्यानं बुडी मारली.

कामाची रीत अशी: तो तळाशी जाऊन साखळी ठोकळ्याच्या कडीतून घेई, आणि साखळी दंडाभोवती घेऊनच श्वासाला वर येई ते धक्क्याच्या पोटाखालीच, दोन पिंपांच्या मध्ये, जिथे पाणी आणि फळ्या यांच्यात हातभर हवा असे. तिथून फटीला तोंड लावून हाक. भरती लागली होती. वारा असा की डोलकाठ्यांच्या टणटणीत माणसाला स्वतःचं नाव ऐकू येऊ नये. आत्यानं सवयीनं उजवा कान फटीकडे केला होता, तेवढ्यात कप्तान तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"आत्याबाई, एक सांगू? उत्तरेकडच्या बंदरांत हेच काम..."

आत्यानं मान वळवली. नुसती मान. उजवा कान कप्तानांकडे गेला, डावा फटीकडे.

"आत्या, ओढ."

इतकं स्वच्छ, की त्याच्यात वारा नव्हता, टणटण नव्हती. नाव आधी, शब्द नंतर, नियमाला धरून. आवाज बेडक्याचा. आत्याला कळलं की तो डाव्या कानात आला. कळलं, नाही असं नाही. पण माणसाचं मन कसं असतं बघा: 'हा तो पिंपातला' असं म्हणण्याऐवजी तिनं म्हटलं, 'कान सुटला वाटतं'. आणि पुन्हा विचारावं तर डॉक्टर विंचवरून बघत होते, काय झालं, ऐकू नाही आलं का, अशा नजरेनं. आत्यानं हात वर केला.

"ओढा!"

डॉक्टरांनी दांडा फिरवला. दातेरी चाक कटकटलं, साखळी ताणली गेली. धक्क्याचं टोक किंचित खाली बसलं.

"जड जातंय हो," डॉक्टर ओरडले. "मुळं वाकडी असली की जातं तसं. थांबू का?"

"आत्या, ओढ," डावा कान म्हणाला. लाडानं म्हणाला. ओढ हा शब्दच असा, हाताचीही असते आणि मनाचीही.

"ओढा," आत्या म्हणाली.

चाक आणखी फिरलं. खिट्टी पडली. आणि थोड्याच वेळात बाहेरच्या शिडीवरून बेडक्या वर आला. मुखवटा नव्हता, अंगावरून पाणी निथळत होतं, चेहऱ्यावर हसू. कप्तानांनी टाळ्या वाजवल्या.

शेडमध्ये चहा झाला. बेडक्या टोकाच्या खुर्चीवर टॉवेल गुंडाळून बसला. कपाला त्यानं हात लावला नाही.

"काय रे, साखळी बसली ना नीट?" डॉक्टरांनी विचारलं.

"उत्तम."

"हाताला वगैरे लागलं नाही ना?"

"अजिबात."

"आज साहेब एकेकच शब्द देतायत," कप्तान म्हणाले. "रोज नुसती टकळी चालू असते."

डॉक्टर हसले, पण बघत राहिले ते त्याच्या तोंडाकडे. "एवढ्या गार पाण्यातून आलाय," ते आत्याला हळूच म्हणाले, "आणि याचे दात वाजत नाहीत."

आत्या म्हणाली, तरुण रक्त आहे. आणि दोघं घरी निघाली.

फाटकाबाहेर वडाच्या पारासारखा एक दगडी बाक होता, तो ओलांडून रस्ता. बेडक्या तिच्या डावीकडून चालत होता. आत्याला बरं वाटत होतं. किती दिवसांनी तो नीट बोलत होता, हळू आवाजात, टोमणे नाहीत, म्हातारे नाही.

"आत्या, ऊन उतरलं."

"हो रे."

"अंग ओलं आहे अजून. आत्या, उपाशी आहे."

"चल, घरी गेल्यावर गरम काहीतरी..."

तेवढ्यात एक स्कूटर तिच्या डाव्या कोपराला घासून गेली. पुढे जाऊन थांबली. स्कूटरवाला मागे वळून हातवारे करत ओरडला, "बाई, मघापासून हॉर्न देतोय! कान आहेत का भोकं?"

हॉर्न आत्याला ऐकूच आला नव्हता. डावीकडचा हॉर्न तिला ऐकू येणार कसा? आणि डावीकडचा बेडक्या मात्र कुजबुजला तरी ऐकू येत होता.

तिनं डोक्यावरचा पदर सारखा करायच्या निमित्तानं उजवा कान झाकला. रस्ता गप्प झाला.

"आत्या, आवर. उशीर," डावीकडून आलं.

आत्या जागीच थांबली. पण आयुष्यभर टेलिफोनवर बसलेली बाई, आवाज चढू द्यायचा नाही हे अंगात मुरलेलं.

"बेडक्या," ती म्हणाली, "सोड म्हण बघू."

तो थांबला. हसला. "ओड."

"साखळी."

"आखळी."

"मला घरी काय म्हणतोस? म्हातारे म्हण."

तो तिच्या तोंडाकडे निरखून बघत होता, लहान मूल बघतं तसं. ओठ मिटायचा प्रयत्न केला त्यानं. मिटले नाहीत. "आतारे," तो म्हणाला. आणि नजर हटवली नाही.

भलताच माणूस लाइनवर आला तर ऑपरेटर किंचाळत नाही. त्याला धरून ठेवते. आत्या त्याला हाताला धरून बाकाशी घेऊन आली. हात ओल्या फळीसारखा होता, ना गार ना गरम. "इथं बस हं," ती म्हणाली. "होल्ड करा. मी लाइन जोडून देते." तो बसला. शहाण्यासारखा बसला, हेच वाईट होतं.

मग आत्या पळाली. त्या वयात, त्या साडीत, पळाली.

पाणी वाढलं होतं. धक्का सगळीकडून वर उचलला गेला होता; पाण्याकडचं टोक मात्र साखळीनं खाली दाबून धरलं होतं. तिथल्या फळ्यांच्या फटींतून पाणी बुडबुड करत वर येत होतं. आत्या त्या पाण्यात पालथी पडली आणि उजवा कान फटीला लावला. जिवंत कान.

"...तारे..." घोगरं, दमलेलं, पाणी थुंकत. "म्हातारे... सोड... अगं सोड..."

"डॉक्टर!"

डॉक्टर शेडमधून कप हातात घेऊनच धावत आले, मागे कप्तान.

"साखळी सोडा! बेडक्या खाली आहे!"

"अहो, काय बोलताय?" डॉक्टरांनी फाटकाकडे बोट दाखवलं. "तो काय तिथं बाकावर बसलाय. मला दिसतोय इथून."

"आत्या, ओढ," डाव्या कानात आलं. फाटकाजवळून नाही, कानाच्या आतून. "आत्या. ओढ. ओढ. ओढ."

"सोडली तर सगळा धक्का सुटेल," कप्तान म्हणाले. "भरती आहे, आत्याबाई. सगळं काम पाण्यात जाईल."

आता लपवण्यात काही राहिलं नव्हतं. आत्या ओली चिंब उठून बसली.

"डॉक्टर, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. गेल्या थंडीपासून काही येत नाही. लपवलं मी. मघाशी ओढा म्हटलं ते त्या मेलेल्या कानानं ऐकून म्हटलं. बाकावर बसलाय तो मला त्याच कानात ऐकू येतो. आणि या, या चांगल्या कानात, माझा पोर खालून सोड म्हणतोय. मेलेल्या कानाचं ऐकून एकदा चुकले. आता तुम्ही माझ्या जिवंत कानाचं ऐका."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं. बाकावरचा उभा राहिला होता. मग त्यांनी कप टाकून दिला, विंचवर झडप घातली आणि लाथेनं खिट्टी उडवली.

साखळी सुसाट सुटली. दबलेलं टोक असं उसळलं की कप्तान बसलेच. फटीखाली कोणीतरी मोठ्ठा श्वास ओढला, मग खोकला, मग आणखी खोकला. डॉक्टर कपड्यांनिशी पाण्यात उतरले आणि बाहेरच्या शिडीशी एक डोकं वर आलं. मुखवटा कपाळावर, ओठ निळे, दंडाभोवती साखळीच्या कड्यांचे वळ, दात कडाकडा वाजत होते. डॉक्टरांना तो आवाज एवढा गोड कधी लागला नव्हता.

बेडक्याला फळ्यांवर ओढून घेतलं. त्यानं डोळे उघडले, आत्याला बघितलं आणि पहिला शब्द तोंडातून निघाला तो असा:

"कधीपासून बोंबलतोय! नाकाएवढी हवा राहिली होती खाली. म्हातारे, बहिरी झालीस का?"

"झाले," आत्या म्हणाली, आणि त्याच्या ओल्या डोक्यावर एक चापट मारून रडायला लागली.

बाकाकडे बघायचं भान कोणालाच राहिलं नव्हतं. बघितलं तेव्हा बाक रिकामा होता. बसायच्या जागी पाण्याचं थारोळं, त्याला ओल्या टॉवेलचा वास. ओली पावलं बाकापासून निघाली होती. कप्तानांनी ती पाण्यापर्यंत शोधली; त्यांना वाटलं, जे आलं ते जिथून आलं तिथे गेलं असेल. पण पाण्याच्या बाजूला एकही पाऊल नव्हतं. सगळी रस्त्याच्या बाजूला होती.

दुसऱ्या दिवशी बुचं उघडून पिंपं तपासली. आत काही नव्हतं. वाससुद्धा नव्हता. आत्या धक्क्यावर उभी राहिली तर डाव्या कानात ठार शांतता. कप्तान खूश झाले. म्हणाले, झालं ते झालं, आता शिट्ट्या वापरू. आत्याला खूश होता आलं नाही. रिकामं पिंप बघून आनंद कोणाला होईल, तर आत जे होतं ते कुठे गेलं याची काळजी ज्याला नाही त्याला.

त्या संध्याकाळी घरी जाताना तिनं बेडक्याला आपल्या उजवीकडे घेतलं आणि त्याचा चांगला हात घट्ट धरला.

"काय गं?"

"काही नाही. तू बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. शिव्या दे मला. थांबू नकोस."

बेडक्याला अशी आज्ञा जन्मात पहिल्यांदा मिळत होती. त्यानं मनापासून पाळली. म्हातारे काय, टेलिफोनचा मोडका डबा काय, भोपळ्याच्या कानाची काय. सबंध रस्ताभर त्याचं तोंड बंद झालं नाही. आत्या उजव्या कानानं एकेक शब्द पिऊन घेत होती. किती भरभक्कम शब्द. प्रत्येकाचं डोकं जागच्या जागी.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तो दम खायला थांबला. आणि तेव्हा आत्याला कळलं की ऐकणाऱ्या आपण एकट्याच नव्हतो. सगळा रस्ता कोणीतरी डावीकडून चालत आलं होतं, गुपचूप, कान देऊन, शिकत. तिच्या मेलेल्या कानाशी ओठ मिटल्याचा बारीक आवाज झाला.

"म्हातारे," तो म्हणाला.